त्रेचाळीस तास, अकरा मिनिटं

मंगळवार, १४ डिसेंबर २०२१, दुपारी २ वाजून २ मिनिटं. उरले ४३ तास ११ मिनिटं.

जपानमधल्या क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर एक छोटासा प्रोग्राम चालू आहे. त्याचं काम अगदी साधं. मोठ्या डिस्कवरच्या संशोधकांच्या फायलींची बॅकअप प्रत घ्यायची आणि जाता जाता दहा दिवसांहून जुन्या लॉग फायली पुसून टाकायच्या. लॉग म्हणजे यंत्राने स्वतःसाठी लिहून ठेवलेली रोजनिशी: किती वाजता काय केलं, कुठे अडलं. दहा दिवसांनी ती कुणी उघडत नाही. पुसली नाही तर साचते, साचली की जागा खाते, जागा संपली की यंत्र रखडतं. म्हणून पुसायची.

या मिनिटाला तो प्रोग्राम लॉगच्या फोल्डरमध्ये जायचा सोडून थेट मोठ्या डिस्कच्या मुळाशी जातो आणि तिथे पुसायला लागतो. नियम तोच, दहा दिवसांहून जुनं ते काढायचं. फक्त जागा चुकली आहे.

क्योटोत तेव्हा संध्याकाळचे ५.३२ झाले होते. या घटनाक्रमातल्या सगळ्या वेळा मी मुद्दाम मालवणच्या घड्याळाने लिहिल्या आहेत. कारण हेच काम, जुनं पुसून जागा करण्याचं, आपल्याकडे ओरसपासून कणकवलीपर्यंत, कुडाळपासून सावंतवाडीपर्यंत सीटी स्कॅनच्या, डिजिटल एक्स-रेच्या, सोनोग्राफीच्या खोल्यांत चालू असतं. ते करणाऱ्याच्या हाताखाली महासंगणक नसतो. असतो मशीन चालवायचा एक कन्सोल, एक भरत आलेली डिस्क आणि बाहेर बाकड्यावर बसलेली माणसं.

मागे, शुक्रवार, ३ डिसेंबर, दुपारी २ वाजून २ मिनिटं.

जी रेघ क्योटोच्या फायलींवर ओढली गेली ती इथे. या मिनिटानंतर ज्या फायलींना कुणीतरी हात लावला, त्या वाचल्या. ज्यांना लावला नाही, त्या पुसण्याच्या यादीत गेल्या.

१४ मधून १० वजा केले तर ४ तारीख यायला हवी, मग ३ कशी? युनिक्सच्या जगात फायली शोधणारी जी आज्ञा असते, ती पूर्ण दिवस मोजते. ‘दहापेक्षा जास्त’ म्हटलं की तिच्या लेखी अकरा दिवस पुरे व्हायला हवेत. म्हणून रेघ एक दिवस मागे पडली. नियम लिहिणाऱ्याच्या मनातला ‘दहा दिवस’ आणि यंत्राने पाळलेला ‘दहा दिवस’ यांत असा दिवसाचा फरक पडू शकतो. आपल्या कन्सोलवर ‘३० दिवसांनी आपोआप डिलीट’ अशी खूण केलेली असेल, तर ते तीस दिवस कशापासून मोजले जातात, स्कॅन काढल्यापासून, रिपोर्ट झाल्यापासून की शेवटचं उघडल्यापासून, हे सेंटरमध्ये कुणीतरी एकदा सर्व्हिस इंजिनिअरला विचारून भिंतीवर लिहून ठेवायला हवं.

चूक मात्र तारखेची नव्हती. महासंगणक पुरवणाऱ्या हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझच्या जपानी कंपनीने हा प्रोग्राम सुधारला होता. वाचायला सोपा जावा म्हणून त्यातली काही नावं बदलली, आणि नवी प्रत जुन्या प्रतीच्या जागी ठेवून दिली. ठेवताना जुनी प्रत चालू होती. असा प्रोग्राम यंत्र आधी पूर्ण पाठ करून घेत नाही, चालता चालता पुढची ओळ वाचतं. भजनीबुवा वहीत बघून गात असावेत आणि कुणीतरी मध्येच वही बदलावी, तसं झालं: पान तेच, पण ओळ दुसऱ्याच अभंगाची. नव्या ओळीत ज्या नावाने लॉगचं फोल्डर ओळखायचं, ते नाव अजून ठरलेलंच नव्हतं. नावाच्या जागी रिकामं आलं. रिकाम्या जागेच्या अलीकडे उरली ती अख्खी डिस्क.

मंगळवार, दुपारी ३. उरले ४२ तास.

शेवटी जो हिशोब लागला तो असा: सुमारे ३ कोटी ४० लाख फायली, सुमारे ७७ टेराबाइट. ही बेरीज त्रेचाळीस तासांवर सारखी वाटली तर तासाला पावणेआठ लाखांहून जास्त फायली पडतात, सेकंदाला दोनशेहून जास्त.

आपल्या मापात हे किती? सीटीचं एक चित्र म्हणजे उभे ५१२, आडवे ५१२ ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट. गुणाकार केला की ५,२४,२८८ बाइट, म्हणजे अर्धा एमबी. छातीचा एचआरसीटी काढला, मिलिमीटरभर जाडीचे काप घेतले, तर तीन-चारशे चित्रं सहज होतात. चारशे धरली तर एका माणसाच्या एका स्कॅनचे दोनशे एमबी. या मापाने ७७ टेराबाइट म्हणजे सुमारे ३ लाख ८५ हजार स्कॅन. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,४९,६५१ होती. म्हणजे जवळजवळ निम्म्या जिल्ह्याचा एकेक स्कॅन.

पहिल्या तासात यातले सुमारे नऊ हजार गेले असते.

मंगळवार, संध्याकाळी ६. उरले ३९ तास.

सरासरीने पाहिलं तर क्योटोत तीस लाखांहून जास्त फायली गेल्या आहेत. कुठेही घंटा वाजत नाही. वाजणार कशी? यंत्राच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नाही. आज्ञा बरोबर आहे, परवानगी आहे, काम सुरळीत चाललं आहे. डिस्क भरत चालली की इशारा मिळतो. डिस्क रिकामी होत चालली की इशारा देणारी सोय फारशी कुणी केलेली नसते, कारण रिकामी जागा सगळ्यांना हवीच असते.

ही वेळ आपल्याकडे ओपीडी संपत आल्याची. डिसेंबर २०२१ मध्ये तर एसटीचा संप चालू होता. आचऱ्याहून, देवबागेहून स्कॅनसाठी निघालेल्या माणसाने रिक्षाला किंवा शेजाऱ्याच्या गाडीला पैसे मोजून यायचं असे ते दिवस. अशा वेळी कन्सोलवर ‘जागा अपुरी’ असा संदेश आला तर टेक्निशियनवर काय दडपण येतं, हे त्या खोलीत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. टेबलावर माणूस आहे. कॉन्ट्रास्टची सुई लावलेली आहे. पुरेशी जागा नसेल तर अनेक मशीनं नवा स्कॅन सुरूच करू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण अर्ध्यावर तुटलेला स्कॅन म्हणजे रेडिएशन घेतलेलं आणि हाती काही नाही. दारातून कुणीतरी म्हणतं, “जुना असात ता उडवून टाक, जागा होयत.” आणि हात पेशंट लिस्टच्या तळाकडे, सगळ्यात जुन्या तारखांकडे जातो.

माझं म्हणणं या क्षणाबद्दल आहे. जुनं म्हणजे नको असलेलं, हे गणित लॉग फायलींना लागू पडतं. माणसाच्या स्कॅनला लागू पडत नाही.

एक उदाहरण घेऊ. पन्नाशीच्या एका माणसाच्या छातीच्या स्कॅनमध्ये फुप्फुसात ६-७ मिलिमीटरची एक घट्ट गाठ दिसली. ती जुन्या क्षयाचा व्रण असेल, साधी असेल किंवा कॅन्सरची सुरुवात असेल. एका चित्रावरून कुणीही सांगू शकत नाही. जगभर रेडिऑलॉजिस्ट ज्या फ्लाइश्नर सोसायटीच्या शिफारशी मानतात, त्या सांगतात की एवढ्या आकाराच्या गाठीसाठी सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करावा, आणि धोका जास्त असेल तर पुढे दीड ते दोन वर्षांनी आणखी एक. गाठ वाढली का, हे ठरतं जुन्या स्कॅनशेजारी नवा ठेवून. जुना नसेल तर नवा स्कॅन पुन्हा पहिलाच ठरतो आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून. मधलं वर्ष फुकट जातं, आणि कॅन्सरच्या बाबतीत ते वर्ष परत मिळत नाही. इथे जुनेपणातच औषध आहे. जितकं जुनं, तितकं मोलाचं.

फिल्म दिलेली असते की, असं कुणी म्हणेल. फिल्मवर चारशे कापांतले निवडक काप छापलेले असतात. सहा मिलिमीटरची गाठ छापलेल्या दोन कापांच्या मधे राहिली तर ती फिल्मवर मोजता येत नाही. आणि कोकणच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या फिल्मची काय अवस्था होते, ते घराघरात माहीत आहे.

मंगळवार, रात्री १०. उरले ३५ तास.

सुमारे ६३ लाख फायली गेल्या.

एवढं ऐकून कुणी ठरवेल की मग पुसायचंच नको. तसं ठरवणाऱ्याने जानेवारी २००४ मध्ये मंगळावर काय झालं ते पाहावं.

नासाची स्पिरिट ही गाडी ४ जानेवारी २००४ ला मंगळावर उतरली. तिच्या पोटात २५६ एमबीची फ्लॅश मेमरी होती. पृथ्वीपासून मंगळापर्यंतच्या सात महिन्यांच्या प्रवासात जमलेल्या फायली तशाच आत होत्या. उतरल्यावर त्यांचा काही उपयोग नव्हता. त्यात रोजची नवी चित्रं पडत होती. मंगळावरच्या पंधराव्या दिवशी पृथ्वीवरून जुन्या फायली पुसणारा प्रोग्राम दोन भागांत पाठवला. एक भाग पोचला, दुसरा पोचला नाही. दुसरा पुन्हा पाठवायचं ठरलं एकोणिसाव्या दिवशी.

अठराव्या दिवशी गाडी गप्प झाली. ती स्वतःला पुन्हा पुन्हा बंद-चालू करत राहिली, साठाहून जास्त वेळा. रात्री झोपायचं सोडून जागी राहिली आणि बॅटरी खात राहिली. फ्लॅशमधली जागा संपली नव्हती. संपली होती फायलींची यादी सांभाळायची ताकद. यादी फायलींच्या संख्येने वाढत गेली आणि ती ठेवायला लागणारी चालू मेमरी पुरेना. शेवटी इंजिनिअरांनी गाडीला फ्लॅशला हात न लावता उठवलं, आधी जुन्या फायली काढल्या आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला अख्खी फ्लॅश नव्याने फॉर्मॅट केली. गाडी त्यानंतर २०१० पर्यंत काम करत राहिली.

‘मशीन स्लो झालंय’ हे वाक्य ज्यांनी रोज ऐकलं आहे त्यांना यातलं मर्म कळेल. एक्स-रेची एक फाइल मोठी, पण एकच. सीटीचा एक स्कॅन म्हणजे शेकडो बारक्या फायली, आणि त्याच कच्च्या माहितीवरून जाड काप, पातळ काप, हाडांसाठी वेगळे, फुप्फुसांसाठी वेगळे असे संच बनवत गेलो की हजारावर जातात. डिस्कवर चाळीस टक्के जागा दिसत असली तरी पेशंट लिस्ट उघडायला मिनिट लागतं, ते या यादीच्या ओझ्याने. म्हणून पुसायला हवंच. आणि वेळेवर हवं. चार दिवसांनी पाठवू म्हटलं तर तिसऱ्या दिवशी बंद पडतं.

बुधवार, पहाटे २. उरले ३१ तास.

९४ लाख. मालवण झोपलं आहे. क्योटोत पहाटेचे साडेपाच वाजले आहेत.

बुधवार, सकाळी १०. उरले २३ तास.

दीड कोटीच्या पुढे.

आता तिसरा प्रकार, आणि हा दवाखान्यातलाच. फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णालयात हृदयाच्या कॅथेटर तपासणीच्या ऐन मधल्या वेळी मर्ज हीमो नावाच्या यंत्रणेचा पडदा काळा झाला. ही यंत्रणा रुग्णाच्या हृदयाचे आकडे डॉक्टरांना दाखवते. रुग्णाला गुंगीचं औषध दिलेलं होतं. यंत्र पुन्हा चालू करण्यात सुमारे पाच मिनिटं गेली. नशिबाने तपासणी पुढे नीट पार पडली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे याची नोंद झाली तेव्हा कारण पुढे आलं: संगणकावरचा अँटिव्हायरस दर तासाला सगळ्या फायली तपासायला बसत होता. चित्रं आणि रुग्णांच्या माहितीच्या फायली त्यातून वगळा, अशी सूचना कंपनीच्या पुस्तिकेत होती. ती पाळली गेली नव्हती.

घरच्या लॅपटॉपवर चालतं ते इथे चालत नाही. कन्सोल विंडोजसारखा दिसतो, माउसही तोच असतो, म्हणून कुणी भाचा किंवा गावातला संगणकवाला येऊन ‘क्लीनर’ टाकून देतो, टेम्प फोल्डर साफ करतो, फायली एक्सप्लोररमधून उडवतो. चित्रांची फाइल अशी परस्पर उडवली तर मशीनच्या डेटाबेसमध्ये नाव राहतं आणि चित्र जातं. लिस्टमध्ये पेशंट दिसतो, उघडायला गेलं की आत काही नाही. रुग्णांची चित्रं काढायची ती मशीनच्या स्वतःच्या पेशंट लिस्टमधूनच. बाकी साफसफाई कंपनीच्या माणसाने सांगितल्याशिवाय नाही. ही सावधगिरी कुणाला अति वाटेल. मला वाटत नाही.

बुधवार, सकाळी ११ वाजून ३७ मिनिटं.

अर्धं झालं. साडेअडतीस टेराबाइट.

किती जुनं पुसायचं, याला कायद्याचीही हद्द आहे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायच्या आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. सोनोग्राफीच्या बाबतीत गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याने नोंदी दोन वर्षं ठेवायच्या, आणि खटला चालू असेल तर तो संपेपर्यंत. डिस्कवरच्या ‘आपोआप डिलीट’ला यातलं काही माहीत नसतं. ते माहीत असायची जबाबदारी ज्याच्या सहीने सेंटर चालतं त्याची आहे. संध्याकाळच्या पाळीतल्या, करारावर नेमलेल्या, पंचविशीतल्या टेक्निशियनवर ती टाकणं अन्याय आहे. पण बहुतेक ठिकाणी प्रत्यक्षात ती त्याच्यावरच येऊन पडते.

बुधवार, संध्याकाळी ६. उरले १५ तास.

दोन कोटी वीस लाखांच्या आसपास. पन्नास टेराबाइट.

आपल्या किनाऱ्याला या सगळ्याचा सगळ्यात मोठा धोका कुठे आहे, ते आता सांगायला हवं. तो महासंगणकात नाही, हवामानात आहे.

१६ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यासमोरून उत्तरेकडे सरकत होतं. दुसऱ्या रात्री ते गुजरातला धडकलं, पण जाता जाता आपल्याकडे माड, आंब्याची कलमं, विजेचे खांब आडवे करून गेलं. कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. आणि ते दिवस कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचे होते. एचआरसीटीला एवढी मागणी आली होती की राज्य सरकारला आदल्या वर्षी, सप्टेंबर २०२० मध्येच दर बांधून द्यावे लागले होते: मशीनच्या क्षमतेप्रमाणे २,००० पासून ३,००० रुपयांपर्यंत.

आता यंत्राच्या बाजूने विचार करा. छोट्या गावातल्या सेंटरला पूर्णवेळ रेडिऑलॉजिस्ट असतोच असं नाही. स्कॅन मालवणात किंवा कुडाळात निघतो, वाचला जातो कोल्हापूर, पुणे, मुंबई, पणजी, कुठेही. चित्रं लाइनवरून जातात आणि तिकडे पोचतात तीच त्यांची दुसरी प्रत. वादळात लाइन गेली की पाठवायची रांग साचत जाते. त्या दिवसांत काढलेल्या प्रत्येक स्कॅनची जगात एकच प्रत असते, आणि ती कन्सोलवर.

लाइन बंद पडते, तारीख बंद पडत नाही. वीज नसली, मशीन आठ दिवस बंद राहिलं, तरी आतलं कॅलेंडर छोट्या बॅटरीवर पुढे सरकतच राहतं. वीज येते, मशीन चालू होतं, आपोआप पुसण्याची पहिली फेरी निघते. तिच्या हिशोबाने मधल्या काळात बरेच स्कॅन ‘जुने’ झालेले असतात. ते पाठवले गेले की नाही, हे तिला कुणी विचारायला सांगितलं नसेल तर ती विचारत नाही. सगळं काही नियमाप्रमाणे होतं, क्योटोत झालं तसंच.

यावर उपाय आहे आणि तो नवा नाही. वैद्यकीय चित्रांच्या देवाणघेवाणीचं जे जागतिक मानक आहे, डायकॉम, त्यात स्टोरेज कमिटमेंट नावाची सोय आहे. मशीन नुसतं ‘पाठवलं’ म्हणून थांबत नाही, ते सर्व्हरला विचारतं: ही एवढी चित्रं तुझ्याकडे सुरक्षित आहेत आणि जपण्याची जबाबदारी तू घेतलीस का? सर्व्हरकडून ‘घेतली’ असं उत्तर आलं तरच त्या स्कॅनपुढे खूण पडते. खूण पडली तोच पुसण्याच्या यादीत जाऊ शकतो. खूण नसेल तर वर्ष झालं तरी नाही. पुसण्याचा हक्क वयाने मिळायचा नाही, पोचपावतीने मिळायचा.

ही सोय बऱ्याच मशीनमध्ये असते. चालू केलेली असतेच असं नाही. दोन्ही टोकांना जोडणी करून द्यावी लागते, आणि खरेदीच्या करारात ती मागितली नसेल तर कुणी आपण होऊन करून देत नाही.

गुरुवार, १६ डिसेंबर, पहाटे २. उरले ७ तास.

२ कोटी ८३ लाख.

मग सगळंच ठेवावं, शंभर ठिकाणी ठेवावं? तेही नाही. ग्रीनबोन या जर्मन सायबर सुरक्षा कंपनीने २०२० च्या सुरुवातीला जगभरातले उघडे पडलेले वैद्यकीय चित्रांचे सर्व्हर मोजले. पासवर्ड नाही, कुलूप नाही, नेटवरून कुणीही आत यावं आणि नावानिशी स्कॅन पाहावेत असे. भारतातल्या राज्यांत महाराष्ट्र पहिला आला: तीन लाखांहून जास्त नोंदी आणि ६ कोटी ९७ लाखांहून जास्त चित्रं. विसरलेली प्रतसुद्धा रुग्णाला दगा देते. जिथे ठेवायचं तिथे नीट, कुलपात, मोजून ठेवायचं, आणि बाकीच्या जागा खरोखर रिकाम्या करायच्या.

गुरुवार, सकाळी ८ वाजून १३ मिनिटं. उरला १ तास.

सीटीच्या खोलीत दिवस सुरू होण्याची वेळ. मशीन गरम करायला लावलं आहे, ट्यूबचं वॉर्म-अप चाललं आहे, पहिला पेशंट अजून रिक्षातून उतरायचा आहे. पुसण्याचं काम करायचं तर ते अशा वेळी, किंवा रात्री शटर ओढण्यापूर्वी. पेशंट टेबलावर असताना कधीच नाही.

आणि करायचं म्हणजे काय, तेही जवळून पाहू. कन्सोलवर कालच्या एका रुग्णाची ४१२ चित्रं दिसतात. सर्व्हरवर त्याच नावाने, त्याच नंबराने किती पोचली? ४१२ असतील तर बरोबर. ४०९ असतील तर तीन कुठेतरी वाटेत आहेत आणि हा स्कॅन आज पुसायचा नाही. आकडा जुळला तरी सर्व्हरवरचा एक काप उघडून पाहायचा, मधला, पहिला नाही. रिपोर्ट अंतिम झाला का पाहायचं, कारण रिपोर्ट लिहिणाऱ्याला आणखी पातळ काप हवे असतील तर ते कच्च्या माहितीवरून बनतात, आणि कच्ची माहिती बहुतेक मशीनांत फक्त कन्सोलवरच असते, थोडेच दिवस. पोलीस केस, अपघात, कोर्टात जाण्याची शक्यता असलेला स्कॅन कुलूपबंद करून ठेवायचा.

मग बिनधास्त पुसण्यासारखं काय उरतं? पुष्कळ. फँटमवर, म्हणजे माणसाऐवजी ठेवायच्या चाचणीच्या वस्तूवर, केलेले टेस्ट स्कॅन. मशीन अडकल्यावर दोनदा झालेल्या नोंदी. एकाच कच्च्या माहितीवरून चुकीच्या सेटिंगने बनवलेले आणि कुणी न पाहिलेले संच. प्रिंटरच्या रांगेत महिनोन्महिने अडकलेल्या फिल्म छापायच्या आज्ञा. सीडी बनवताना मागे राहिलेल्या तात्पुरत्या प्रती. माझ्या मते आधी हे काढावं. यानेच बरीचशी जागा होते आणि रुग्णाच्या एकाही चित्राला हात लावावा लागत नाही. सगळं मिळून रोजचं वीस मिनिटांचं काम आहे. ते ड्युटीच्या तासांत धरलेलं असावं, आणि कोण करणार त्याचं नाव फळ्यावर असावं.

गुरुवार, सकाळी ९ वाजून १३ मिनिटं. शून्य.

क्योटोत दुपारचे १२.४३. या मिनिटाला ते पुसणं थांबलं. ३ कोटी ४० लाख फायली आणि ७७ टेराबाइट गेले होते. संशोधकांच्या चौदा गटांचं काम त्यात होतं.

त्यानंतर.

विद्यापीठाने संशोधकांना कळवलं, बॅकअप बंद ठेवला आणि काय उरलं ते शोधायला सुरुवात केली. चौदांपैकी दहा गटांच्या फायली बॅकअपमधून परत आणता आल्या. चार गटांच्या आणता आल्या नाहीत. पुरवठादार कंपनीने लेखी माफी मागितली आणि जबाबदारी शंभर टक्के आपली असल्याचं मान्य केलं. चालू प्रोग्रामवर नवी प्रत ठेवण्यापूर्वी घ्यायची काळजी त्यांनी लिहून दिली. बॅकअप जानेवारी २०२२ च्या अखेरीस पुन्हा सुरू करायचं ठरलं, आणि नुसत्या आरशासारख्या प्रतीऐवजी मधल्या काळातल्या बदलांच्याही प्रती काही दिवस ठेवायचा निर्णय झाला.

त्या आरशाबद्दल शेवटचं. मूळ डिस्कवर जे आहे तेच दुसरीकडे दाखवणारी प्रत मूळ पुसलं गेलं की स्वतःही पुसली जाते. सिंधुदुर्गातल्या एखाद्या सेंटरला ‘आमचा बॅकअप आहे’ असं सांगितलं जातं तेव्हा विचारायचा प्रश्न हाच: इकडचा स्कॅन मी आज चुकून पुसला, तर तुमच्याकडचा उद्या राहतो का? उत्तर तोंडी घेऊ नये. मेंटेनन्स कराराची पुढची सही होण्यापूर्वी एखादा टेस्ट स्कॅन मुद्दाम पुसून, दुसऱ्या दिवशी तो परत आणून दाखवायला सांगावं. फँटमचा स्कॅन त्यासाठी पुरतो.